उलट्या भिंगाची काडी

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो, आणि माझे निम्म्याहून अधिक आयुष्य उलटे गेले. उलटे म्हणजे वाईट, असे समजू नका. माझी जी बाजू कॅमेऱ्याला जोडायची ती जगाकडे, आणि जी जगाकडे करायची ती कॅमेऱ्याला, अशा अवस्थेत मी अकरा वर्षे काढली. माझी चांगली वर्षे तीच.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या काचा एकीमागे एक बसवल्या. काचांच्या मधोमध पातळ काळ्या पात्यांची एक चकती आहे. तुमच्या डोळ्यातल्या बाहुलीसारखी ती लहानमोठी होते, म्हणून पुढे घरात तिला बाहुलीच म्हणत. माझ्या मागच्या कडेला नखाएवढी एक पट्टी आहे. मला कॅमेऱ्यावर सरळ बसवले की कॅमेरा ती पट्टी सरकवतो आणि बाहुली उघडते. मला काढले की आतली स्प्रिंग पट्टी मागे ओढते आणि बाहुली मिटते. एवढे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्या पट्टीपाशी येऊन अडणार आहे.

माझा पहिला मालक फोटो स्टुडिओवाला होता. सभासमारंभांत हार घातलेली, हसणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. एकदा घाईत जिना उतरताना मी त्याच्या हातून निसटले आणि नऊ पायऱ्या गडगडत खाली गेले. काचा वाचल्या, फोकस करणारी मोटर मात्र तुटली. मग एका खणात, संपलेले सेल आणि तुटक्या पट्ट्यांच्या संगतीत, मी तीन वर्षे धूळ खात पडले. लंगड्या घोड्याला दाणा कोण घालणार?

स्टुडिओच्या शेजारी चष्म्याचे दुकान होते. तिथे काचा घासून चौकटीत बसवणारे एक कारागीर होते. सगळी गल्ली त्यांना भिंगवाले म्हणे. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणते. स्टुडिओवाल्याने एके दिवशी खण रिकामा करताना मला त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “बघा, काही उपयोग होतो का. नाहीतर पेपरवेट करा.”

बाबांनी मला उजेडाकडे धरले, फिरवले, पुन्हा धरले. मग उलटे करून माझ्यातून स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले. अंगठ्याच्या रेषा नांगरलेल्या शेतासारख्या दिसल्या असणार, कारण ते बराच वेळ हलले नाहीत. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या तोंडावर प्लास्टिकचे एक झाकण होते. त्याच्या मध्याला त्यांनी गोल भोक पाडले, त्यावर फिल्टरची, म्हणजे भिंगापुढे लावायच्या काचेची, रिकामी कडी चिकटवली आणि माझे तोंड त्या कडीत फिरवून घट्ट केले. मी उलटे लागले. पण कॅमेऱ्यात पाहावे तर अंधार. बाहुली मिटलेली होती.

बाबांनी नखाने पट्टी सरकवली. उजेड आला. सोडली. गेला. मग त्यांनी आगपेटीतली एक काडी काढली, तिचे गुलाचे टोक मोडले आणि चष्म्याच्या काचांना धार लावायच्या दगडावर तिला घासायला बसले. घासायचे, पट्टीच्या फटीत बसवून पाहायचे, पुन्हा घासायचे. काडी जाड राहिली तर बाहुली सताड उघडी राही, आणि मग मुंगीचा डोळा स्पष्ट दिसला तर तिची मिशी धुक्यात जाई, इतका पातळ थर नजरेत येई. काडी फार बारीक झाली तर बाहुली मिटत येई. अंधार दाटे आणि चित्रातल्या कडाही मऊ पडत. दुपारच्या चहाच्या वेळेपर्यंत ती काडी जशी हवी तशी झाली. बाहुली बरोबर निम्मी उघडी राहिली.

“झालं,” बाबा म्हणाले. “आता आपला संसार काडीवर.”

घरी तिघे होती. बाबा, त्यांची थोरली बहीण आणि मुलगी. मुलीची आई पूर्वीच गेलेली. बहिणीला मुलगी आत्या म्हणे आणि बाबा ताई म्हणत. आत्याची जीभ तिखट, पण पाय दुखत असतानाही सगळ्यांच्या आधी उठून चहा ठेवणारी तीच. मुलगी औषधांच्या दुकानात काम करी. तिथे बाटल्या उंचीप्रमाणे, गोळ्या नावाप्रमाणे आणि प्रत्येकीवर चिठ्ठी. घरीही तिचे तसेच. बाबा तिला ‘टापटीप’ म्हणून हाक मारत, आणि ती ओ देई.

दोघांचे एकाच गोष्टीवरून वाजे. बाबांना काड्या जवळ बाळगायची खोड होती. चष्म्याच्या नाकाजवळचा मळ ते काडीने काढत, आणि मग ती काडी खिशात, पुस्तकात, साबणाच्या डबीत, कुठेही राही. सदरा धुवायला टाकताना मुलगी खिसे उलटे करी आणि म्हणे, “बाबा, घर आहे का घरटं?” बाबा म्हणत, “घरटंच. तू उडून जात नाहीस म्हणून घर वाटतं.”

सुट्टीच्या सकाळी आम्ही निघत असू. जवळच एक ओसाड माळ होता, तण माजलेला. बाबांची पद्धत सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला किड्यांचे फोटो काढावेसे वाटतील. ऊन चढण्याआधी पोचायचे. गारव्याने किडे आखडलेले असतात, पंखांवर दव असते, उडायची घाई नसते. उशिरा जाणे म्हणजे वरातीमागून घोडे. आपली सावली किड्यावर पडू द्यायची नाही. फांदी ओढायची नाही, किड्याला ढोसायचे नाही, त्याला पकडून गार करून बसवायचे तर मुळीच नाही. वारा असेल तर जमिनीत रोवलेल्या सळईला कपड्यांचा चिमटा बांधून त्यात देठ अलगद धरायचा. किडा पंख पसरून बसला असेल तर भिंग त्या पंखाला समोरासमोर धरायचे, म्हणजे तो टोकापासून टोकापर्यंत त्या पातळ थरात मावतो.

मला उलटे लावल्यावर फोकसची कडी फिरवून काही साधत नाही. त्यामुळे माझी तुटकी मोटर कुणाला आठवलीसुद्धा नाही. जे माझे मोडले होते त्याची इथे गरजच नव्हती, मित्रांनो. हे कळले त्या दिवशी मला खणातली तीन वर्षे विसरता आली. किड्यापासून चार बोटांवर यायचे, कोपर गुडघ्यावर टेकवायचे आणि सगळे अंगच गव्हाच्या दाण्याएवढे पुढेमागे झुलवायचे. डोळा लख्ख झाला की बटण दाबायचे. डोळा हुकला की बाकी सगळे साधूनही फोटो वाया.

मुलगी झाकण धरायची. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड किड्याच्या पाठीवर काचेच्या तुकड्यासारखा चमकतो. म्हणून बाबा फ्लॅशपुढे आइस्क्रीमच्या डब्याचे पांढरे झाकण धरायला लावत. त्यातून उजेड ढगाळ दिवसासारखा मऊ होऊन पसरे. अकरा वर्षे ती झाकण धरत आली. कॅमेरा कधीमधी हाती घेई, पण मला लावणे, काढणे, फडक्यात गुंडाळणे बाबा स्वतः करत. तेवढे एक काम त्यांनी कुणाला दिले नाही आणि तिनेही कधी मागितले नाही.

बटण दाबायचे तिला त्यांनी असे शिकवले. “श्वास कोंडून ठेवू नकोस. कोंडलेला श्वास हात हलवतो. सोडून दे. सोडून झाला की पुढचा घ्यायच्या आधी जराशी सामसूम असते. तिथं दाब.”

शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा श्वास पुरेनासा झाला. माळ सुटला. चालताना काठी आली. मग बाबा खिडकीपाशी बसू लागले आणि मी त्यांच्याजवळच्या फळीवर. आता किडे यायचे तर आपणहून यायला हवे होते.

एक आली. खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण येऊन बसली. ही एक बारीक कमरेची माशी असते. ओल्या मातीची गोळी तोंडात आणते आणि मडके घडवते, लिंबाएवढे सुद्धा नाही, पण गळ्यासकट. आत अंडे ठेवते, मग हिरव्या अळ्या आणून आत भरते, म्हणजे पिल्लाच्या जेवणाची सोय झाली, आणि तोंड लिंपून निघून जाते. पिल्लू बाहेर येते तेव्हा ती नसते. तिची आणि त्याची गाठ कधीच पडत नाही.

आत्याने उलथने उचलले. “घर माझं, भिंत माझी, आणि बांधकाम हिचं?”

“ताई, हात लावलास तर आजपासून तुझ्या हातचा चहा बंद,” बाबा म्हणाले.

“बंद कर. साखर वाचेल,” आत्या म्हणाली आणि उलथने जागेवर ठेवून आली.

बाबांनी भिंतीवर एका ओळीत चार खिळे ठोकून घेतले. पहिल्या खिळ्यावर मडके घडवणारी कुंभारीण लागली. दुसऱ्यावर अळी ओढत आणणारी. तिसऱ्यावर तोंड लिंपताना, तिच्या मिशांवर मातीचा कण असलेली. चौथा खिळा रिकामा. तो पिल्लाचा. मडके बंद झाले त्या तारखेला त्यांनी कॅलेंडरवर गोल केला आणि तिथून पुढे चार आठवडे मोजून दुसरा गोल केला.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना इस्पितळात न्यावे लागले. मी फळीवर राहिले. इस्पितळातले मला खोलीत बोलले गेले तेवढेच ठाऊक आहे.

मुलगी रोज संध्याकाळी येऊन आत्याला सांगे. आज मास्क लावला. आज जेवले नाहीत. आज विचारत होते, मडकं फुटलं का. एका संध्याकाळी ती दारातच थांबली आणि म्हणाली, “आज बोलले. मी म्हटलं, मडकं अजून बंद आहे, तुम्ही नाही पोचलात तर फोटो मी काढीन. तर मास्क बाजूला करून म्हणाले, काठी सांभाळ.”

“काठी?”

“दोनदा म्हणाले. काठी सांभाळ. विषय काय, बोलले काय.”

आत्या कोपऱ्यातल्या काठीकडे वळली. मग म्हणाली, “अगं, चांगलं लक्षण आहे. माणूस काठी मागतो म्हणजे त्याला चालायचंय.”

त्या दोघींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आले ते मी या खोलीत महिनाभरात पाहिले नव्हते. मुलीने काठी पुसली. बुडाचे झिजलेले रबर काढून नवे आणून बसवले. काठी दाराशी, हाताला लागेल अशी उभी केली. मला शंका आली होती, मित्रांनो. पण भिंगाला दाखवता येते, बोलता येत नाही.

तीन दिवसांनी बाबा गेले. मुलगी आत्याला एवढेच म्हणाली, “श्वास सोडला. मी पुढच्याची वाट बघत राहिले.”

माणसे आली, गेली. पाचव्या दिवशी मुलीने बाबांचे टेबल आवरायला घेतले. तिला रिकामे बसवेना. दगड धुतला, हत्यारे उंचीप्रमाणे लावली. सदऱ्यांच्या खिशांतून सात काड्या निघाल्या. त्या तिने तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिल्या आणि मग नेहमीसारख्या केरात टाकल्या. शेवटी ती माझ्याकडे आली. कॅलेंडरवरचा दुसरा गोल नऊ दिवसांवर होता. चौथ्या खिळ्याचे वचन तिने दिले होते, आणि आता बाबांसाठी करण्यासारखे तेवढे एकच उरले होते. म्हणून तिने मला असे स्वच्छ केले, की कारखान्यातल्या त्या बाईने पाहिले असते तर मान डोलावली असती. रबरी फुग्याने धूळ उडवली, मऊ कुंचल्याने कडा झाडल्या. पट्टीच्या फटीत तिला काडी दिसली.

“बाबा, इथेसुद्धा?” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली.

मग चिमट्याने तिने ती काडी काढली आणि केरात टाकली. माझी बाहुली मिटली. मायेने केलेल्या कामाला मी नावे कशी ठेवू?

सहा दिवसांनी, उजाडल्यावर, तिने मला कॅमेऱ्याला लावले. मडक्याच्या एका कुशीला मातीचा रंग किंचित ओलसर दिसत होता. आतून काहीतरी कुरतडत होते. बाबांच्या मोजणीला पिल्लाने जुमानले नव्हते, ते तीन दिवस आधीच निघायला लागले होते. मुलीने आत्याला हाक मारून झाकण धरायला लावले, कोपर टेकवले आणि कॅमेऱ्यात डोळा घातला. अंधार. तिने कॅमेऱ्याची सगळी बटणे फिरवली. फ्लॅश उडाला, फोटो काळाच आला. फोटो निघेल असे दुसरे काही तिच्यापाशी होते का? फोनने काढून पाहिले. एक तपकिरी ठिपका आला.

“स्टुडिओत दाखव. पळ,” आत्या म्हणाली. “मी बसते इथं. हलणार नाही.”

स्टुडिओवाला आता म्हातारा झाला होता. त्याने मला ओळखलेही नाही. सरळ लावून पाहिले, तर मोटर घरघरून थांबली. “यात आता काही राम नाही,” तो म्हणाला. मुलीने सांगितले की मी उलटे लावायचे भिंग आहे. त्याने चष्म्यावरून पाहिले. “भिंग उलटं कोण लावतं? जपून काय करणार, काडीचा उपयोग नाही.”

ती घरी आली तेव्हा आत्या खिडकीशीच बसून होती. मडक्याच्या कुशीला गोल भोक होते, आणि चौकटीवर भाकरीच्या कणांसारखा मातीचा चुरा.

“आत्ता गेलं,” आत्या म्हणाली. “आधी मिशा बाहेर काढल्या. मग जरा बसलं, पंख वाळवत. मी म्हटलं, बाई, थांब, ती येतेच आहे. नाही थांबलं.”

मुलगी खिडकीशी आली. मला मांडीवर घेऊन ती तशीच बसली. बऱ्याच वेळाने तिने मला उलटे करून उजेडाकडे धरले, अगदी बाबा धरत तसे. तिचे नख पट्टीला लागले. उजेड आला. तिने नख काढले. उजेड गेला. पुन्हा लावले, पुन्हा काढले. मग ती त्या रिकाम्या फटीकडे पाहत राहिली, आणि तिथून तिची नजर दाराशी उभ्या काठीवर गेली. मास्कच्या आडून ‘ड’ आणि ‘ठ’ यांत फरक तो किती?

“आत्या,” ती अगदी हळू म्हणाली. “ते काडी म्हणाले होते.”

आत्याला पहिल्यांदा कळले नाही. मुलीने तिला पट्टी दाखवली, नख लावून उजेड दाखवला, काढून अंधार दाखवला. मग आत्यालाही कळले. तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “मेला, आयुष्यभर जीभ चालवली. शेवटी एक अक्षर स्पष्ट बोलता आलं नाही.” आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. चालायचे म्हणून बाबांनी काठी मागितली, असे मानून काढलेले ते तीन दिवस दोघींना त्याच वेळी आठवले असावेत.

केराची गाडी कधीच येऊन गेली होती. बाबांच्या हातची काडी मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलगी आगपेटी घेऊन बाबांच्या टेबलाशी बसली. गुलाचे टोक मोडले. दगडावर घासले, फटीत घातले, काढले. पहिली काडी तिने फार घासली, दुसरी तुटली. तिसरी जाड राहिली. पाचव्या काडीला बाहुली निम्म्यावर थांबली. मग तिने आत्याच्या हाती झाकण दिले आणि मडक्यासमोर आली. कोपर टेकवले. भोकाची कड आणि मडक्याचा गळा एकाच पातळीत येतील अशी जागा शोधली. अंग पुढे झुकले, मागे आले, पुन्हा पुढे. श्वास सोडला. मग ती सामसूम आली, आणि त्या सामसुमीत ती इतका वेळ राहिली, की आत्याने झाकण धरल्या हातानेच तिच्या खांद्याला स्पर्श केला. तिने बटण दाबले.

चौथ्या खिळ्यावर आता तो फोटो आहे. त्यात पिल्लू नाही. एक भोक आहे, त्याची कुरतडलेली कड लख्ख आहे, दाताची एकेक खूण दिसते. आणि आत, उजेड पोचतो तिथवर, पातळ रेशमी अस्तर आहे. आल्यागेल्यांना तो समजत नाही. मडके अजून चौकटीवर आहे. आत्या त्याच्या भोवतीने फडके फिरवते, आणि दुकानात जाताना बाबांची काठी घेऊन जाते. सांगितलेली काडी गेली आणि न सांगितलेली काठी कामाला आली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे मी सांगणार होते. पण मला तर फार जपले गेले, म्हणूनच हे घडले. म्हणून दुसरेच मागते. तुमच्या घरात कुणाच्या वस्तूत अडकवलेली काडी, घडी घातलेला कागद, बांधलेला दोरा दिसला, तर तो काढण्याआधी त्या माणसाला विचारा. तो हसेल, टाळेल, तरी विचारा. विचारायला माणूस समोर आहे तोवर विचारा. आणि झाकण धरायला गेलात तर एखादे दिवशी कॅमेराही मागा.

मी आता एका डब्यात असते. औषधाच्या बाटलीवर लावतात तशी एक चिठ्ठी मुलीने डब्यावर चिकटवली आहे. तिचे अक्षर टापटीप आहे, एकेक वळण वेगळे ओळखू येईल असे. ‘ड’ तिने दोनदा गिरवला आहे.

‘आत काडी आहे. राहू द्यावी.’